सागवानी टेबलावरची क्रेन

बाबा, तुमच्या क्रेन न्यायला परवा पुण्याहून तुमच्यासारखेच एक हौशी गृहस्थ आले होते. दाराशी बूट काढले, हात धुतले, पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले आणि तुमच्या काचेच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तर दबक्या आवाजात म्हणाले, "चहा बाहेरच घेऊ या का? इथे वाफ नको." तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं त्या खोलीत हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. ते ऐकलं आणि तुम्ही जसेच्या तसे समोर आलात. आठवण आली म्हणजे माया दाटली असं समजू नका. काही माणसांची आठवण दातात अडकलेल्या सुपारीसारखी असते, काढून टाकेपर्यंत जीभ तिकडेच जाते. तेवढ्यासाठी लिहायला बसले आहे, यार्डाच्या ऑफिसात, भर दुपारी, कूलरसमोर.

त्रेसष्ट क्रेन होत्या तुमच्या. हे कोणाला सांगितलं की त्याला वाटतं, केवढा मोठा धंदा! भाड्याने द्यायच्या खऱ्या क्रेन यार्डात चारच होत्या आणि त्यातली एक बॅटरी बदलली तरी सकाळी खोकत बसायची. त्रेसष्ट होत्या त्या घरात, खऱ्या क्रेनच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या. ट्रकवर बसवलेल्या, आठ चाकांच्या, दहा चाकांच्या, सगळ्या तंतोतंत. ओढली की एकातून एक बाहेर येणारी बूम, म्हणजे क्रेनचा तो लांब हात, करंगळीच्या नखाएवढा हूक, पुल्यांमधून ओवलेला खरा दोर, टायरवरची नक्षी, केबिनच्या काचेवरचा वायपरसुद्धा. परदेशी कॅटलॉग टपालाने यायचे आणि तुमचा दुबईचा मित्र वर्षातून दोनदा खोकी घेऊन यायचा. खोकं उघडायचं म्हणजे सोहळा. आधी पंखा बंद. मग टेबलावर पांढरं फडकं. मग तुम्ही श्वास रोखून थर्माकोल उचलायचात, जसं काही आत कोणाचं काळीज ठेवलं आहे. काही खोक्यांत पेराएवढी माणसंही यायची, हेल्मेट घातलेली, एक केबिनमध्ये बसायला, एक खाली उभं राहून इशारा करायला. ती तुम्ही चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकायचात. मी विचारलं तर म्हणालात, "माणसं ठेवली का मॉडेल स्वस्त दिसते."

कूलरच्या दमट हवेने धातूला गंज धरतो, म्हणून त्या खोलीला एसी बसला. घरातला पहिला आणि कितीतरी वर्षं एकुलता एक. अकोल्याच्या मे महिन्यात आई आणि मी शेजारच्या खोलीत ओल्या चादरी अंगावर घेऊन पडायचो आणि भिंतीपलीकडे तुमच्या क्रेन गारव्यात उभ्या असायच्या. तिकडे खऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये साधा पंखा बसवून द्या, असं ऑपरेटर लोक लागोपाठ तीन उन्हाळे विनवत होते. पंख्याच्या आवाजात खालच्या माणसाचा इशारा ऐकू येत नाही, हे तुमचं उत्तर. इशारा हाताने करतात, बाबा. तो ऐकायचा नसतो, पाहायचा असतो. क्रेनच्या मालकाला हे ठाऊक नव्हतं, पण कोणत्या कंपनीने कोणत्या साली हुकाच्या पुल्या पाचाच्या सहा केल्या हे तोंडपाठ होतं.

घर बांधणाऱ्याने एक चूक केली होती, स्वयंपाकघराचं दार तुमच्या खोलीत उघडत होतं. एका रविवारी आई पाटोडीच्या रश्श्याला फोडणी देत होती. मी ओट्याशी बसून बेसनाच्या वड्या पळवत होते. तेलात तिखट पडलं आणि तुम्ही आतून ओरडलात, "दार लाव ना! तेलाची वाफ इकडं येऊन राहिली!" आईने झारा खाली ठेवला नाही की मान वळवली नाही. म्हणाली, "काहून? तुमच्या खेळण्याईले ठसका लागते का?" मला हसू फुटलं. तुम्ही चपला घातल्या आणि निघून गेलात. दोन दिवस घरी जेवला नाहीत. 'खेळणं' हा शब्द आमच्या घरात शिवीपेक्षा वाईट होता, पाहुण्यांनाही 'मॉडेल' म्हणावं लागायचं. तिसऱ्या दिवशी आईने शेगडी मागच्या अंगणात नेली. त्यानंतर पंधरा वर्षं त्या बाईने फोडण्या उन्हात बसून दिल्या. परवा त्या गृहस्थांचे खोके भरणं चालू असताना ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "जाऊ दे एकदाचे. त्या कपाटात मी लोणच्याच्या बरण्या ठेवीन."

दहा वर्षांची होते तेव्हा एकदा खोलीचं दार उघडं राहिलं होतं. मी एक पिवळी क्रेन उतरवून टेबलावर ठेवली, बूम ओढली आणि हुकाला माझं पेन्सिलचं टोकयंत्र अडकवलं. छोटी चक्री फिरवली तसं ते टोकयंत्र हळूहळू वर चढायला लागलं. त्याहून सुंदर काही मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, हे कबूल करते. तुम्ही केव्हा मागे येऊन उभे राहिलात कळलं नाही. मारलं नाहीत. आधी हूक स्पिरिटच्या बोळ्याने पुसलात, क्रेन जागेवर ठेवलीत, कपाटाला कुलूप लावलंत आणि मग माझ्याकडे वळलात. "हे पोराटोराचं काम नाही. याले हात लावायची लायकी लागते." लायकी! आज माझ्या यार्डात नऊ खऱ्या क्रेन आहेत. पण लायकी म्हणजे काय ते मला ज्या माणसाने शिकवलं, त्याला तुम्ही घरासमोरच्या ओट्याच्या वर कधी येऊ दिलं नाहीत.

चाचा. तुम्ही त्यांना 'चाळीसवाला' म्हणायचात, कारण ते आपली सगळ्यात मोठी, चाळीस टनी क्रेन चालवत. त्यांचे वडील अकोल्यात कापूस पिंजून गाद्या भरायचे. हे त्या घरातले पहिले, जे लोखंडाच्या नादी लागले. पगाराच्या दिवशी ते तुमच्या ओट्याशी येऊन चप्पल काढून उभे राहायचे आणि तुम्ही दार अर्धं उघडून, एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून पाय अडवून, पाकीट बाहेर धरायचात. नऊ वर्षं. त्या माणसाने वऱ्हाडातल्या कापसाच्या निम्म्या जिनिंग कारखान्यांची यंत्रं उचलून बसवली होती आणि तुमच्या घराच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

अमरावतीहून इंजिनियरिंग करून आले तेव्हा तुम्ही मला बिलांच्या टेबलावर बसवलंत. दुपारी तुमचा डोळा लागला की मी यार्डात जायची. चाचा मला केबिनमध्ये चिकटवलेला चार्ट वाचायला शिकवायचे. क्रेनपासून किती अंतरावर, बूम किती लांब काढली तर किती वजन झेपेल, याचा तो तक्ता. मी चारच दिवसांत तो घडाघडा वाचायला लागले, कॉलेजात तेच तर शिकवलं होतं. चाचा हसले. एक लांब सळई घेऊन मला यार्डाच्या मागच्या रिकाम्या वावरात घेऊन गेले आणि ती सळई काळ्या मातीत खुपसली. वरचा वीतभर थर उन्हाने दगडासारखा होता. त्याच्या खाली सळई लोण्यात जावी तशी गेली. "चार्ट कागदावर हाय, ताई," ते म्हणाले. "वजन क्रेन नाई उचलत, जमीन उचलते. क्रेन त मधात उभी राह्यते. आपली काळी माती वरून सोयरी अन् आतून दुश्मन. हिले पुसल्याबिगर पाय टेकवाचा नाई." कुठेही गेले तरी ते आधी चौफेर सळई खुपसून पाहायचे. क्रेनला बाजूला फाकवायचे चार पाय असतात, त्यांना आमच्याकडे जॅक म्हणतात. त्या जॅकखाली ते लाकडी ठोकळे किंवा लोखंडी प्लेटा घातल्याशिवाय हूक हलवत नसत. तुम्ही याला 'चाळीसवाल्याची नाटकं' म्हणायचात.

आता तो दिवस. तुम्हाला तो नको असेल, पण मेलेल्या माणसाला पान उलटता येत नाही.

तिवशाजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसची चौकट बसवायची होती. नऊ टन. हिवाळ्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. सकाळी अकरा वाजता लँडलाइनवर चाचांचा फोन आला. तुम्ही खोलीत नवं खोकं उघडून बसला होता, हात फडक्यात, म्हणून मला स्पीकर लावायला सांगितलंत. चाचा म्हणाले, "सेठ, आज नाई होत. जमीन दगा देऊन राह्यली. मांगच्या डाव्या अंगाले सळई हातभर गेली. प्लेटा पाह्यजे." प्लेटा वलगावच्या कामावर होत्या, यायला एक दिवस लागला असता. एक दिवस, बाबा. तुम्ही जिनिंगवाल्याला शब्द दिला होता आणि शब्दाचे तुम्ही मोठे पक्के, निदान मोठ्या माणसांना दिलेल्या.

मग तुम्ही जे केलंत ते मी पुढे शेकडो लोकांना सांगितलं आहे आणि ऐकणाऱ्याला दर वेळी वाटतं मी तिखटमीठ लावते. तुम्ही कपाटातून तशाच बनावटीच्या, थोड्या लहान क्रेनचं मॉडेल काढलंत. टेबलावर ठेवलंत. त्याचे चारही जॅक बाहेर ओढून टेकवलेत. बूम मोजून काढलीत, कोन लावलात, हुकाला तुमची चाव्यांची जुडी अडकवलीत आणि फोनकडे तोंड करून म्हणालात, "हे पाय, माझ्यासमोर आहे. आठ मीटरवर तुझ्या चार्टात तेरा टन आहे. तुले उचलाचे नऊ. कुठं हलून राहिली ते दाखव मले." पाऊणशे मैलांवर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही 'हे पाय', म्हणजे हे बघ, म्हणत होता. मग चाचा म्हणाले, "सेठ, तुमचा टेबल सागवानाचा हाय. इथं काळी माती हाय."

तुम्ही लाल झालात. नोकराने बरोबर बोलणं तुम्हाला कधी सोसलं नाही. "भेतं का? भेत असशीन त खाली उतर, दुसरा पाठवतो." चाचांनी पुन्हा विनवलं. मग म्हणाले, "ताई हाय का तिथं? तिले पुसा. तिले समजते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी काही बोलले नाही. तुम्ही फोनकडे वळून म्हणालात, "उचल."

चाचांनी काय केलं ते मला नंतर जिनिंगच्या मजुरांकडून कळलं. त्यांनी आधी अंगणातली सगळी माणसं फाटकाबाहेर काढली. कोणी ऐकेना तर शिव्या देऊन हाकललं. होते तेवढे लाकडाचे तुकडे मागच्या जॅकखाली रचले. मग केबिनमध्ये चढले, चौकट उचलली, वळवली आणि निम्म्या वळणावर डावा मागचा जॅक मातीत बसायला लागला. चौकट खाली टेकवायची त्यांनी धडपड केली. क्रेन त्या अंगावर कलंडली, अगदी सावकाश, एक मजूर म्हणाला, थकलेली म्हैस बसते तशी. चाचांचा उजवा पाय केबिनच्या पत्र्यात गुडघ्याखाली अडकला. अमरावतीला दवाखान्यात नेईपर्यंत संध्याकाळ झाली, तो पाय कापावा लागला. बाकी कोणाला खरचटलंही नाही, कारण कोणी जवळ नव्हतंच.

बातमी सांगायला मीच खोलीत आले होते. तुमचा पहिला प्रश्न मला आजही तुमच्याच आवाजात ऐकू येतो. "बूम वाकली का?"

दवाखान्यात तुम्ही आलात, दहा मिनिटं उभे राहिलात, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललात. आठ दिवसांनी विम्याच्या माणसांसाठी जबानी तयार झाली: ऑपरेटरने जॅक नीट टेकवले नाहीत, मालकाच्या सूचना पाळल्या नाहीत. तुम्ही सांगितलंत, मी टाईप केलं. त्या एका कागदाने चाचांचं नाव वऱ्हाडात बुडालं. पाय गेलेल्या माणसाला केबिनचं काम मिळणार नव्हतंच, पण यार्डात साधं देखरेखीचं कामही कोणी देईना. 'क्रेन पाडणारा' अशी त्यांची ओळख झाली. आणि तीन महिन्यांनी दुबईचा मित्र आला तेव्हा त्याच्या खोक्यात काय होतं? त्याच चाळीस टनीचं मॉडेल. हुबेहूब तेच. तुम्ही ते आपल्या पिवळ्या रंगात रंगवून घेतलंत, भिंग लावून स्वतःच्या हाताने त्यावर नंबरप्लेट लिहिलीत आणि कपाटात मधोमध ठेवलंत. खरी क्रेन भंगारात गेली होती आणि खरा माणूस चांदूर बाजारला मेहुण्याच्या दुकानात स्टुलावर बसून सुतळी तोलत होता. तुमचं मात्र सगळं भरून निघालं होतं.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी सरळ बोलले नाही. जे बोलले ते वाकडंच. आईसमोर, पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटावर तुम्हाला खुनशी म्हणाले, भेकड म्हणाले, लोखंडाच्या बाहुल्यांचा नवरा म्हणाले. तुम्ही ताटाकडे पाहत जेवायचात. तीन वर्षांनी एका दुपारी त्याच टेबलाशी, त्याच गारव्यात, तुमचं हृदय थांबलं. तुमच्यासारख्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, देशभरातलं. त्यांनी शोकसंदेश पाठवला आणि सोबत एका मॉडेलला हार घातलेला फोटो. तुम्ही असतात तर फुलांचा ओलावा लागेल म्हणून ओरडला असतात.

तेरावा झाल्यावर मी पहिलं काम केलं ते चांदूर बाजारला जाऊन चाचांना परत आणण्याचं. विम्याच्या कंपनीला नवं पत्र लिहिलं, खरं काय घडलं ते. त्याचा कोणाला उपयोग नव्हता, पण त्याच्या प्रती काढून मी प्रत्येक यार्डात वाटल्या. तेव्हापासून चाचा आपल्या यार्डात खुर्ची टाकून बसतात आणि नवे ऑपरेटर तयार करतात. आपली क्रेन कुठेही जायची असली की आधी सळई जाते. लोक मला भाषणाला बोलावतात, सुरक्षा सप्ताहात वगैरे. मी टेबलाची गोष्ट सांगते. सभागृहात हशा पिकतो. शेवटी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?" मी म्हणते, वडिलांच्या धाकात वाढलेली चोवीस वर्षांची मुलगी होते, घाबरले. बायका मान हलवतात. सगळ्यांना पटतं.

पुण्याचे गृहस्थ येणार म्हटल्यावर मी मुद्दाम चाचांना घरी बोलावलं. तुमच्यावर उगवलेला तो सूड होता, लपवत नाही. रिक्षातून उतरून, नकली पाय ओढत ते ओट्यापर्यंत आले आणि सवयीने थांबले. मी हाताला धरून त्यांना आत नेलं आणि तुमच्या खुर्चीवर बसवलं. गृहस्थांनी अदबीने विचारलं, "आपण सरांचे स्नेही का?"

"नाई," चाचा म्हणाले. "सेठची क्रेन घेऊन पडलेला मी."

त्यांनी हातमोज्यांचा दुसरा जोड पुढे केला. "हात लावणार असाल तर हे..."

"काहून? मले खरूज नाई झाली."

मला वाटलं होतं, चाचा त्या कपाटाकडे पाहून थुंकतील. निदान दोन शिव्या हासडतील. मी त्या ऐकायला आसुसले होते. तर ते पोरासारखे हरखून गेले. एकेक क्रेन उचलून पाहत होते, बूम ओढत होते, चाकं फिरवत होते. "वा रे पठ्ठे! हिचं कॅरिअर पाय, ताई, खालची गाडी. हे मी नागपूरले चालवलं होतं." गृहस्थ प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत. मग चाचांच्या हातात ती मधली, पिवळी चाळीस टनी आली. नंबरप्लेट त्यांनी वाचली. त्यांनी तिला उजेडाकडे धरलं, बूमचं टोक न्याहाळलं आणि म्हणाले, "हे गलत हाय."

"काय चुकलं?" गृहस्थ पुढे झाले.

"हूक वर जाऊन पुलीले ठोकू नये म्हणून इथं साखळीले एक वजन टांगलेलं राह्यते. हुकानं ते उचललं का केबिनीत घंटी वाजते. ते कुठं हाय? बिनघंटीची क्रेन बनवली त्यायनं."

गृहस्थांनी टॉर्च मारला, भिंग लावलं आणि खिशातून वही काढून लिहून घेतलं. "कमाल आहे," ते पुटपुटले, "सरांच्याही नजरेतून हे सुटलं!" तेव्हा मी मोठ्याने हसले, बाबा. इतकी वर्षं भिंग लावून बसलात आणि जे क्रेनला थांब म्हणून सांगतं तेवढंच दिसलं नाही. तुमच्याबद्दल मला जे काही वाटतं ते सगळं त्या हसण्यात होतं.

दुपारी चारला त्रेसष्ट खोकी टेम्पोत चढली. गृहस्थ टेम्पोच्या मागे मागे आपली गाडी घेऊन गेले, वरातीत चालावं तसे. चाचा आणि मी ओट्यावर चहा घेत बसलो. मी तुमच्यावर आणखी काहीबाही बोलत होते. चाचांनी मला मधेच थांबवलं. "जाऊ द्या ना आता, ताई. सेठ खोटं नव्हते बोलून राह्यले. त्याईले टेबलावर जे दिसे, तेच खरं वाटे. काही माणसाईचं तसं राह्यते." कपातला चहा संपवून ते म्हणाले, "अन् तुमी काहून मनाले लावून घेता? तुमी त भेल्या होत्या. बापासमोर पोरगी काय बोलणार? मले तवाच समजलं होतं." मी म्हटलं, "हो चाचा." आणि त्यांच्या कपात अजून चहा ओतला.

मी भ्याले नव्हते, बाबा. हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि जगात फक्त तुम्हालाच ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी त्या मॉडेलकडे पाहत होते. चार जॅक गुळगुळीत लाकडावर घट्ट टेकले होते, चाव्यांची जुडी हवेत जराही न हलता लोंबत होती, खोली गार होती आणि मला वाटलं, किती भक्कम आहे हे. तेरात नऊ सहज बसतात. चाचा आता म्हातारे झाले, उगीच कुरकुर करतात. सळई कशी लोण्यासारखी आत गेली होती ते मी स्वतः पाहिलं होतं, तरी त्या क्षणी ती मला आठवली नाही. तुमचं मला पटलं. मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, म्हणून चाचांना ती कळली नाही. ती पाहून मगच तुम्ही म्हणालात, "उचल."

पुढे तीन वर्षं मी तुम्हाला ताटावर नाही नाही ते बोलले आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की पोरी, तूही तर मान हलवली होतीस. आईलाही सांगितलं नाहीत. का, ते मला कळत नाही, आणि तुमच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायची माझी अजून तयारी नाही. कदाचित माझी मान तुमच्या हिशेबातच नसेल.

खिडकीतून मला चाचा दिसत आहेत. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून नव्या ऑपरेटरला सळई कशी धरायची ते दाखवत आहेत. इथून वीस पावलं असतील. खरं तर हे सगळं तिथे जाऊन बोलायचं होतं. मी सकाळपासून दोनदा उठले आणि दोन्ही वेळा परत येऊन तुम्हालाच लिहायला बसले, कारण तुम्ही काही म्हणणार नाही.